खडीवरचे शनिवार

आमचं मॉरिसव्हिलचं टाउनहाउस दक्षिणमुखी आहे आणि आमच्या घरात जे काही बिघडतं ते त्यामुळेच बिघडतं, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. डिशवॉशर गळला, दक्षिण. त्याचं प्रमोशन हुकलं, दक्षिण. आमची एकुलती एक मुलगी हाकेच्या अंतरावर डरहॅमला राहूनही फक्त दिवाळीला आणि थँक्सगिव्हिंगला उगवते, तीही दक्षिणच. माझ्या कंपनीने सॉफ्टवेअर टेस्टिंगचा अख्खा विभाग बंद करून मला सत्तावन्नाव्या वर्षी घरी बसवलं, तेव्हा त्याने दाराकडे असं काही पाहिलं की मला त्या दाराचीच दया आली. थोडे दिवस मीही रडून घेतलं. मग मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विकायला काढलेली सायकल घेतली आणि त्याच दारातून बाहेर पडले.

ती ग्रॅव्हल बाइक होती. म्हणजे रेसच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, खडीवर न घसरणारे. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. डांबरी रस्त्यावर मागून पिकअप ट्रक आला की मी सायकल घेऊन गवतात उतरते, एवढंच कळत होतं. सायकलच्या दुकानातल्या बाईने सांगितलं की मग जिथे गाड्याच नाहीत तिथे जा, मोठ्या तलावाच्या पलीकडे अजून खडीचे रस्ते शिल्लक आहेत. नवरा म्हणाला, "शिल्लक आहेत म्हणजे कुणाला नको आहेत." मी सायकल मिनीव्हॅनमध्ये कोंबली आणि गेले.

एका छोट्या पांढऱ्या चर्चसमोर गाडी लावायची. तिथून थोडं पुढे डांबर संपतं आणि टायरखाली खडी करकरायला लागते. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मधे मधे लाल मातीचे कापलेले उतार, मग एकदम उघडं कुरण आणि त्यात काळ्या गाई. तंबाखू वाळवायचं एक लाकडी खोपटं होतं, एका बाजूला कललेलं, छपरावर वेल चढलेली. एक ओढा, त्यावर बिनकठड्याचा पूल. तासभर सायकल चालवली तरी एखादीच गाडी भेटायची, आणि तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून नमस्कार करायचा. इतक्या वर्षांत या देशात मला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती, आणि मिळायला हवी होती हेही माहीत नव्हतं.

टेस्टरचा स्वभाव काही नोकरीबरोबर जात नाही. मी प्रत्येक फाटा तपासला. हा कुठे जातो, तो कुठे संपतो, कुठल्या घरचा कुत्रा मागे लागतो आणि कुठल्या घरचा नुसता भुंकतो. त्यातला एक रस्ता एका फाटकापाशी संपायचा. फाटकाच्या पलीकडे कुरणातून गेलेली अरुंद गल्लीसारखी वाट आणि तिच्या टोकाला दुसरा खडीचा रस्ता चक्क दिसायचा. तेवढा तुकडा जोडला गेला असता तर माझी फेरी गोल पूर्ण झाली असती. पण फाटक दुसऱ्याचं होतं. मी दर वेळी तिथे पाणी प्यायचे आणि मागे फिरायचे.

एकदा तिथे एक म्हातारी पत्रपेटी उघडत होती. ऐंशीच्या पुढची, पुरुषी बूट घातलेली, पाठ ताठ. ती म्हणाली की मी तुला पुष्कळदा परत फिरताना पाहिलंय, मला बघवत नाही. गल्ली तिची होती. बाजूचं मोठं कुरण तिच्या दिराचं होतं, तो दुसऱ्या राज्यात राहायचा. तिने मला जायची परवानगी दिली आणि दोन अटी घातल्या. फाटक मागे लावून घ्यायचं, नाहीतर गाई बाहेर पडतील. आणि गर्दी आणायची नाही. मी दोन्ही कबूल केल्या. त्या दिवशी पहिल्यांदा फेरी पूर्ण झाली आणि मी गाडीत बसून एकटीच हसले.

आता मुलीबद्दल. ती तिशी ओलांडलेली, घरं बांधणाऱ्या एका कंपनीत काम करते. नव्या वसाहतीत रस्ते कुठून जातील, पाण्याचा निचरा कुठे होईल हे ती ठरवते, असं मी मंडळात सांगायचे. त्यापलीकडे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं. ती "हाऊ आर यू, आई?" म्हणायची, मी "बरी आहे, जेवलीस का?" म्हणायचे, ती "यॅ" म्हणायची, आणि मग दोघी गप्प. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान काही बोलणं तरी झालं असतं.

त्या दिवाळीला ती जेवायला आली होती. मी नवऱ्याला फोनवर माझ्या रस्त्याचे फोटो दाखवत होते आणि तो चकलीकडे बघत होता. तिने माझ्या हातातून फोन घेतला. फोटो मोठा करून पाहिला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. "आई, व्हेअर इज धिस?" मी नकाशा दाखवला. ती बराच वेळ तो नकाशा बघत होती. जाताना बूट घालता घालता म्हणाली, "कॅन आय कम विथ यू? सॅटर्डे?"

मी त्या शनिवारी पहाटे उठून थालीपिठं केली. लाज वाटावी इतका आनंद झाला होता मला. ती भाड्याने सायकल घेऊन आली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. मग तिने स्वतःची सायकल घेतली. थंडी, चिखल, वसंतातली पिवळी परागधूळ, सगळ्यात ती आली. मी तिच्या बाबतीत कधीच हक्काने काही मागितलं नव्हतं, आणि आता न मागता आठवड्याची एक अख्खी सकाळ मिळत होती. माझी नोकरी गेली तेच बरं झालं, असं मला त्या काळात प्रामाणिकपणे वाटायचं.

आणि ती विचारायची. हे मला सर्वांत गोड वाटायचं. एरवी बाबाने वास्तूचा विषय काढला की डोळे फिरवणारी मुलगी मला खडीवर शेजारून सायकल चालवत विचारायची, "सो वेट, ईस्ट मीन्स द फ्रंट डोअर ऑर द होल लॉट?" मी सांगायचे. दार पूर्वेला, नाहीतर उत्तरेला. पाणी ईशान्येला असलं तर उत्तम. स्वयंपाकघर आग्नेयेला. समोरून येणारा रस्ता थेट दारावर आपटता कामा नये. माझा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नाही, पण आपल्याकडचं काहीतरी पोर विचारतंय म्हटल्यावर मी चढून बोलायचे. चढण संपून म्हातारीच्या दिराचं कुरण दिसलं की मी हात लांब करून दाखवायचे. "हा बघ, अख्खा उतार पूर्वेला. आणि तळं कुठे, तर ईशान्येला. तुझ्या बाबाला इथे आणलं तर तो सायकलवरून उतरून लोटांगण घालेल." ती खूप हसायची. मी पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं की पोरगी वळली गं आपल्याकडे.

ती माझे फोटोही काढायची. "आई, गो अहेड, द लाइट इज सो गुड." मी माझं नारिंगी जाकीट घालून पुढे जायचे, ती मागून टिपायची. म्हातारीला तर ती फारच आवडली. म्हातारी फाटकापाशी यायची, अंजिरं द्यायची, कुरण कुठवर आहे, तळ्याला पाणी कुठून येतं हे सांगायची. मुलगी सगळं मन लावून ऐकायची. परक्या म्हाताऱ्या माणसाशी आपली मुलगी किती अदबीने बोलते, याचा मला अभिमान वाटायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पोट भरलं मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढच्या शरदात त्या रस्त्यावर पिवळी पाटी लागली. जमिनीचा वापर बदलण्याचा अर्ज, जाहीर बैठक, चर्चचा हॉल, गुरुवार. मुलगी त्या शनिवारी आली नव्हती, कामं आहेत म्हणाली होती. म्हातारी फाटकापाशी उभीच होती. तिच्या दिराने कुरण विकायचा करार केला होता. तिथे घरं होणार होती, आणि त्या वसाहतीला बाहेर पडायला दुसरा रस्ता लागत होता. तो रस्ता म्हणजे तिची गल्ली. तिने विकायला नकार दिला होता. आता ती बैठकीत तेच चारचौघांत सांगणार होती. संध्याकाळी तिला गाडी चालवता येत नाही, तर मी तिला घेऊन जाईन का, आणि मीही दोन शब्द बोलेन का, असं तिने विचारलं. मी लगेच हो म्हटलं.

घरी येऊन मी मुलीला फोन केला. म्हटलं, "तुला यातलं कळतं. तू पण चल ना."  ती म्हणाली, "आय हॅव अ वर्क थिंग थर्सडे." आणि जरा थांबून, "आई, यू डोन्ट हॅव टु गो. दीज मीटिंग्ज आर सो बोरिंग." मला वाटलं, आईची काळजी वाटते आहे.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, एका टेबलावर कॉफी आणि कुकीज, समोर पडदा. आम्ही मागच्या रांगेत बसलो. म्हातारीने चर्चला घालायचा कोट घातला होता. घरं बांधणाऱ्या कंपनीचे लोक पुढच्या दारातून आत आले. त्यांच्यात निळा ब्लेझर घातलेली माझी मुलगी होती. मी वेड्यासारखी हात वर करणार होते. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला तर, ती आलीच शेवटी आपल्यासाठी. मग ती पडद्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने हातात माइक घेतला.

ती फार छान बोलली, हे सांगायला हवं. तिने कुरणाचा नकाशा दाखवला, त्यावर घरांचे चौकोन. या भागात येणाऱ्या कुटुंबांना काय हवं असतं याचा आम्ही बारकाईने अभ्यास केला आहे, असं ती म्हणाली. बहुतेक घरांची दारं पूर्वेला ठेवली आहेत. तळं ईशान्येला आहे ते तसंच राखलं आहे. कुठलाही रस्ता कुठल्याही दारावर सरळ येत नाही. माझं वाक्य न् वाक्य, स्वच्छ इंग्रजीत. तो बारकाईचा अभ्यास म्हणजे मी होते, थालीपिठाचा डबा पाठीला बांधलेली.

मग पुढचं चित्र आलं. म्हातारीची गल्ली, सकाळचं ऊन, आणि मधोमध पाठमोरी एक नारिंगी जाकीट घातलेली सायकलवाली बाई. हा मार्ग परिसरातले लोक आजही नियमित वापरतात, असं माझी मुलगी म्हणाली. तो सर्वांसाठी अधिकृतपणे खुला करणं ही स्वाभाविक पुढची पायरी आहे. म्हातारीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेच जाकीट माझ्या मांडीवर होतं. तिने हळू आवाजात विचारलं, ती तू का? मी म्हटलं, हो. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं, आणि माझ्याबरोबर त्या म्हातारीचाही कापला गेला होता. जिच्यावर माया केली त्याच मुलीला तिची माया कामाला आली होती.

प्रश्नांची वेळ आली. म्हातारी उठली नाही. मी उठले. मुलीने मला तेव्हा पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण माइक तिने खाली ठेवला नाही. मी इंग्रजीत म्हटलं की त्या फोटोतली बाई मी आहे. मी म्हणजे लोक नव्हे. मला या बाईंनी परवानगी दिली होती, मला आणि माझ्या मुलीला, आणि गर्दी आणायची नाही अशी अट घातली होती. शेवटपर्यंत बोलले.  तिथे म्हातारीखेरीज कुणालाच माहीत नव्हतं की आम्ही एकमेकींच्या कोण आहोत. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने कागदांकडे पाहिलं आणि म्हणाली, "थँक यू फॉर युअर कमेंट, मॅम."

मी खाली बसले. पोटच्या पोरीने मॅम म्हटलेलं मी अजून विसरू शकलेले नाही.

 परतताना गाडीत मी म्हातारीला शपथेवर सांगितलं की मला यातलं काही माहीत नव्हतं. तिने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. तिच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली की माझा मुलगा शार्लटला असतो, वर्षातून एकदा येतो, आणि तुझी मुलगी दर आठवड्याला येते म्हणून मला तुझा हेवा वाटायचा. मग दार उघडताना तिने सांगितलं की आता गल्लीतून जाऊ नकोस. ते रागाने म्हटलं नव्हतं. वकिलाने आधीच सांगितलं होतं की कुणालाही जाऊ देऊ नको, वहिवाट ठरेल, म्हणून. मी तिला हात देऊन पायऱ्या चढवल्या.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं.  मुलीने केलंय हे ऐकून त्याने विचारलं, "बोलली कशी पण?" आणि मग, मी अजून उत्तर दिलेलं नसताना, "तळं खरंच ईशान्येला आहे?" मी हातातला चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की कान तुटला. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची, आणि इथे दुसरं कुंपण चव विचारत होतं. पुढचे दोन दिवस तो स्वतःच्या हाताने जेवण वाढून घेत होता.

शनिवारी ती आली. सायकल आणली नव्हती. मी चहा टाकला, कारण दारात आलेल्याला चहा विचारला जातो, तेवढं माझ्या हाताला सवयीने येतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि भराभर बोलायला लागली. करार गुप्त ठेवायची अट होती. कुणालाही सांगता येत नव्हतं, घरच्यांनाही नाही. आम्ही नाही केलं तर दुसरं कुणी करेल, आणि ते तळंसुद्धा बुजवतील. म्हातारी एकटी राहते ते धोक्याचंच आहे. आणि मग जरा हसून, लहानपणी बक्षीस दाखवायची तशी, "आय आस्क्ड देम टु होल्ड अ लॉट, आई. फॉर यू अँड बाबा. ईस्ट-फेसिंग. यू कॅन राइड एव्हरी डे."

मला घर नको होतं, आणि ते मी तिला सांगितलं. मला ज्या रस्त्याने जायचं होतं त्याच्यावर तिने माझंच घर काढलं होतं. तरी खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रस्त्याचंही फार वाटत नव्हतं. रस्ते जातात. माझ्या मनात गुरुवारपासून एकच गोष्ट ठसठसत होती आणि ती विचारायची मला भीती वाटत होती.

"पहिल्या शनिवारी आलीस, तेव्हा कामासाठी आली होतीस का?"

ती कपाकडे बघत राहिली. "येस," म्हणाली. कंपनी त्या बाजूला जमीन शोधत होती. तिने माझ्या फोनमधला फोटो पाहिला आणि तिच्या ध्यानात आलं. "आय वॉज गोइंग टु टेल यू. आय रिअली वॉज." मग तिचे डोळे भरून आले आणि ती अर्धं मराठीत बोलायला लागली, जे ती फार क्वचित करते. "पण मग मला आवडायला लागलं, आई. आय स्वेअर. काही सॅटर्डेज तर मी कामाचं टोटली विसरून गेले. मी फक्त तुझ्यासाठी आले."

माझा विश्वास बसला. आजही आहे. तिला खोटं रडता येत नाही.

"कुठले?" मी विचारलं.

"व्हॉट?"

"ज्या शनिवारी विसरलीस, ते कुठले? मला सांग. तेवढे मी ठेवते."

ती आठवायला लागली. "द वन विथ द फॉग," म्हणाली, आणि थांबली, कारण त्या दिवशी तिने तळ्याचे फोटो काढले होते, हे आम्हा दोघींनाही आठवत होतं. मग आणखी एक सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला. चहावर साय धरली. ती तशीच ओट्याला टेकून, ओठ हलवत, एकेक शनिवार मागे जाऊन बघत होती. मी वाट पाहत उभी होते. तिला एकही नक्की सांगता येईना.